परतीची चीर

मालवणच्या माणसाने पुण्यात जाऊन मासे खावेत ही उलटी गंगा झाली, हे मला कळत होतं. परत आल्यावर शेजारणींनी पहिला प्रश्न हाच विचारला, पुण्यात काय काय खाल्लंत? मी मिसळ सांगितली, बाकरवडी सांगितली, कुठल्याशा मठात बसून प्यायलेलं ताकसुद्धा सांगितलं. मासे खाल्ले त्या हॉटेलचा मात्र विषय काढला नाही. आता सगळं होऊन गेलं आहे, तेव्हा घडलं तसं लिहून काढते. जे पुण्याला गेले नाहीत त्यांना थोडं पुणं कळेल आणि मला थोडं हलकं वाटेल.

मी काही हौसेने गेले नव्हते. आईने पाठवलं होतं. माझा धाकटा भाऊ विजू बारा वर्षांपूर्वी ट्रॉलरवर गेला आणि ट्रॉलर त्याच्याशिवाय परत आला. पहाटेच्या पाळीला होता, बोटीवरचे म्हणाले, उजाडलं तेव्हा नव्हता. वादळ नाही, वारा नाही. शरीर मिळालं नाही. आमच्याकडे असा माणूस नाहीसा झाला तर बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि पुढचे दिवस करतात. बारा वर्षं भरली होती. आई चौऱ्याऐंशीची आहे, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. तिचं एकच म्हणणं होतं, "माज्या आदी तेचा होवक् व्हया. नायतर वर जावन मी तेका खय शोदू?"

पण विजूच्या बायकोच्या, सुलभाच्या होकाराशिवाय हे होणार नव्हतं. तो होकार आणायला मी साठी उलटल्यावर रात्रभराच्या बसने पुण्याला निघाले. वाटेत काही सांगण्यासारखं घडलं नाही, फक्त कंबर मोडली.

वाघोली

सुलभा मुलीबरोबर वाघोलीला राहते. विजूची मुलगी ऋतुजा, तो गेला तेव्हा अकरा वर्षांची होती. आता कंपनीत नोकरी करते, निम्मं मराठी आणि निम्मं इंग्रजी बोलते. सुलभा इमारतीतच पाळणाघर चालवते. चौदाव्या मजल्यावर घर. गॅलरीतून बघावं तर अशाच आणखी इमारती, काही पुऱ्या, काही अर्ध्या, आणि त्यांच्यावर क्रेन. आमच्याकडे दिवसा दाराला कडी लावली तर लोक विचारतात, कोण आजारी आहे का? इथे दाराला तीन कुलपं आणि बाहेर कोण आलंय ते बघायला एक भोक. शेजारच्या घराचा दरवाजा मी आठ दिवसांत एकदाही उघडा पाहिला नाही.

सुलभाने दार उघडलं आणि माझं लक्ष आधी तिच्या कपाळाकडे गेलं. कुंकू होतं, ठसठशीत. मंगळसूत्रही होतं. बारा वर्षांत ती दोनदा कारवारला जाऊन आली आहे, कारण कोणीतरी म्हणालं होतं की तिथल्या मासळीबाजारात विजूसारखा माणूस दिसला. दोन्ही वेळा ती एकटीच परत आली. दोन्ही वेळा मी तिला वेड्यात काढलं होतं, तोंडावर.

त्या संध्याकाळी तिने बांगडे तळायला घेतले. बांगड्याला तीन तिरक्या चिरा मारल्या, मग मासा फिरवला आणि शेपटीजवळ एक छोटी चीर उलट्या बाजूने मारली.

ही चीर आमच्या घराची. वडील मासेमारी करायचे. घरातलं माणूस समुद्रावर असलं की घरी शिजणाऱ्या प्रत्येक माशाला शेवटची चीर उलटी मारायची, म्हणजे गेलेल्याला परतीची वाट राहते, असं ते सांगत. परतीची चीर म्हणत तिला. गावात दुसरं कोणी असं करत नाही. उलट आमची थट्टाच व्हायची, की ह्यांचे मासे आले तसे परत जातात. विजू बोटीवरसुद्धा स्वतःच्या जेवणातल्या माशाला ती मारायचा. तो डावखुरा होता, म्हणून त्याची चीर खालून वर जायची आणि टोकाशी खोल व्हायची. वडील म्हणायचे, ह्याची चीर आंधळासुद्धा ओळखेल.

तो गेल्यावर आई वर्षभर ती चीर मारत राहिली. मग एके दिवशी थांबली. मीही थांबले. सुलभा थांबली नव्हती, हे मला त्या स्वयंपाकघरात कळलं. माझं काम किती अवघड आहे तेही कळलं.

कसबा पेठ

विधीला तांब्याचा नवा तांब्या लागतो. गावीही मिळाला असता, पण आईने ऐकलं होतं की पुण्यात हाताने ठोकलेली भांडी मिळतात. आता मुलासाठी शेवटचंच घ्यायचं तर चांगलं घे, म्हणाली. म्हणून तिसऱ्या दिवशी सुलभाला घेऊन कसब्यात गेले. तिला नुसतं "भांडी बघूया" एवढंच सांगितलं होतं.

कसब्यातल्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने दुकानात शिरावं लागतं. तशाच आम्ही एका दुकानात शिरलो. मागच्या अंगाला ठोकणं चालू होतं, पुढे चष्मा कपाळावर ढकललेले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी एक तांब्या उचलून बोटाने वाजवला.

"वाजवू नका, देऊळ नाही हे," त्यांनी पेपरातून वर न बघता सांगितलं.

मी खाली ठेवला. मग दुसरा मागितला.

"पूजेचा हवाय की पाणी प्यायचा?"

"फरक काय असतो?"

"काही नाही. लोक वेगवेगळा मागतात, म्हणून आपण विचारायचं."

आमच्याकडे दुकानदार आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग चहा, आणि वस्तू सगळ्यांत शेवटी. पण मला ते गृहस्थ आवडले. मी हळूच म्हटलं, "विधीचा." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली, चष्मा खाली घेतला आणि आत जाऊन एक तांब्या घेऊन आले. त्यावर ठोक्यांच्या खुणा दाट होत्या. त्यांनी तो माझ्या हातात न देता कागदावर ठेवला.

सुलभा माझ्यामागेच उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, ह्येच्यासाटी इलास तर."

"आवशीकडे बगवत नाय मां गो. तिका सुखान जावंक दी."

"तुमी करा. मी येवचंय नाय." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी पुतळ्याक् बगून कुकू पुसूचंय नाय."

तिच्याशिवाय करता येणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. परतीच्या बसमध्ये तांब्या माझ्या मांडीवर होता आणि आम्ही दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत होतो.

नदीपलीकडचं हॉटेल

रविवारी ऋतुजाने जाहीर केलं, "आत्या, आज तुला एकदम प्रीमियम सीफूड. रिव्ह्यूज कसले भारी आहेत बघ!" मी म्हटलं, बाळा, मी जन्मभर समुद्राकाठी राहिले, मला पुण्यात वरणभात घाल. पण पोरीने आठवडाभर आधी टेबल सांगून ठेवलं होतं. शिवाय माझाही हिशेब होताच, की पोट भरल्यावर सुलभाशी पुन्हा बोलता येईल.

नदीपलीकडे काचेची उंच इमारत, सहावा मजला. बाहेर दुपारचं रणरणतं ऊन होतं. लिफ्टचं दार उघडलं आणि आम्ही अंधारात आलो. एकही खिडकी नव्हती. भिंतींवर निळा उजेड हलत होता आणि कुठूनतरी समुद्राचा आवाज येत होता. पण मला आधी जाणवलं ते हे की वास नव्हता. मासे शिजतात त्या जागेला, कितीही धुतली पुसली तरी, थोडा वास असतोच. इथे गवती चहासारखं काहीतरी फवारलेलं होतं, आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं.

दारातल्या मुलीने हातातल्या पडद्यावर बघून म्हटलं, "ऋतुजा मॅडम. फोर पीपल."

"थ्री," ऋतुजा म्हणाली.

"इधर फोर है, मॅम. लकिली मिल गया, आज फुल है."

आम्ही आत पाहिलं. वीस-पंचवीस टेबलं असतील. प्रत्येकावर ताटल्या, ग्लास, घडी घातलेले रुमाल, सगळं तयार. माणूस एकही नव्हता. आम्ही तिथे दोन तास होतो, तेवढ्या वेळात दुसरं कोणीही आलं नाही.

आमच्या टेबलावर चार ताटल्या होत्या. मी वाढप्याला एक उचलायला सांगितलं. तो "जी" म्हणून गेला आणि आलाच नाही. बऱ्याच वेळाने वाढप्यांवरचे कॅप्टन आले, साठीचे, चष्म्याला दोरी, अस्सल पुणेरी. मी त्यांनाही सांगितलं.

"आमच्याकडे चार आलंय, काकू."

"पण आम्ही तिघी आहोत. मोजा."

"मोजलं. मोकळी खुर्ची काही मागत नाही ना आपल्याकडे? मग राहू द्या."

मासे मागवून पाऊण तास झाला. दरम्यान तो वाढपी एकदा पाणी घेऊन आला. आम्हा तिघींचे ग्लास कोरडे होते. त्याने चौथ्या ग्लासात पाणी ओतलं. तो भरलेलाच होता, तरी ओतत राहिला, पाणी कडेवरून टेबलावर आलं, रुमाल भिजला. ऋतुजा "अरे भैया, काय करतोयस!" म्हणेपर्यंत तो वळून गेलाही. मला हसू यायला हवं होतं. पण सुलभा त्या खुर्चीकडे अशी बघत होती की मला हसता आलं नाही.

आणि तो समुद्राचा आवाज. इतका वेळ काय खटकतंय ते माझ्या ध्यानात येत नव्हतं, मग आलं. लाट येत होती, फुटत होती, पण परत जात नव्हती. वाळूवरून पाणी मागे जाताना जो बारीक आवाज होतो, तो त्यात नव्हताच. नुसत्या येणाऱ्या लाटा. मी कान झाकून घेतले तर ऋतुजाने विचारलं, "आत्या, एसी जास्त आहे का?"

अखेर जेवण आलं. सोलकढी गोड होती आणि तिच्यावर पुदिन्याचं पान तरंगत होतं. कोळंबी रबरासारखी. तिसऱ्यांच्या वाटीत निम्म्या शिंपल्यांची तोंडं बंद. शिजून तोंड न उघडणारी तिसरी म्हणजे आधीच मेलेली, आम्ही ती मांजरालाही घालत नाही. वाढप्याने मला मोठ्या उत्साहाने समजावलं की यह सुरमई है, समुंदर की मछली है. मी म्हटलं, हो का? सुलभाने सगळं चाखलं आणि बाजूला सारलं.

तेवढ्यात त्याने एक लांबट ताटली आणली आणि ती चौथ्या खुर्चीपुढे ठेवली. अख्खं पापलेट, लाल मसाल्यातलं.

"हे आम्ही नाही मागवलं," ऋतुजा म्हणाली.

"टेबल यही है, मॅम," तो म्हणाला आणि गेला.

मी पापलेटाकडे पाहिलं. अंगावर तीन तिरक्या चिरा. आणि शेपटीजवळ एक छोटी, उलटी. खालून वर गेलेली, टोकाशी खोल.

मी मान वर केली नाही, कारण समोर सुलभा होती. थोड्या वेळाने तिचा हात पुढे आलेला दिसला. तिने ती ताटली स्वतःकडे ओढली आणि खायला लागली. मीही एक तुकडा तोंडात टाकला. मासा नव्हताच तो, पाण्यात भिजलेला कापूस. सुलभाने मात्र अख्खं पापलेट संपवलं, काटा चोखून ठेवला.

"मम्मी, तुला आवडलं? सीरियसली?" ऋतुजा म्हणाली.

मी हात धुवायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी कॅप्टनना गाठलं.

"अहो, तुमच्याकडे मासे कोण कापतं?"

"कोणी नाही. कापलेलेच येतात. चिरा मारून, पिशवीत, बर्फ होऊन. आम्ही फक्त मसाला लावतो."

"कुठून येतात?"

"गोदामातून. त्याच्या आधी गुजरात, कारवार, कुठूनही. ते आम्हाला कोण सांगतंय?"

"कधी कापलेले असतात?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काकू, मासा मेलेलाच असतो. कधी मेला याने आता काय फरक पडणार आहे?"

"ती पिशवी बघता येईल? काहीतरी लिहिलं असेल तिच्यावर."

"सकाळीच कचऱ्यात गेली."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच आहे. पिशवी असती तर मला शोधावं लागलं असतं. कारवारला जावं लागलं असतं. आणि तिथे तो सापडला असता तर विचारावं लागलं असतं, की बारा वर्षं तू आईला, बायकोला, पोरीला असं का ठेवलंस? मेलेला भाऊ मी बारा वर्षं सांभाळला होता. सोडून गेलेला मला झेपणार नव्हता.

त्या रात्री ऋतुजा झोपल्यावर सुलभा गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसली.

"ताई, तो मासो बगलास?"

"बगलंय. बेचव होतो."

"शेपटेकडे बगलास?"

"शेपटेकडे काय?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. समोरच्या अर्ध्या इमारतीच्या क्रेनवर लाल दिवा लागत होता, विझत होता. ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की माझ्या, हे ठरवत होती, आणि मी चाळीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई होते.

"माकाच दिसला असतला," ती शेवटी म्हणाली. "माका आता खय पण ताच दिसता. मी येतंय, ताई. करून घेवया."

घरी

दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. चुलतभावाने अग्नी दिला. सुलभाने कुंकू पुसलं तेव्हा ती रडली नाही. आई मात्र मोकळेपणी रडली आणि त्यानंतर कितीतरी रात्रींनी शांत झोपली. मी ज्यासाठी गेले होते ते झालं होतं. मला एकही रात्र झोप लागली नाही. डोळे मिटले की ते पापलेट दिसायचं, आणि परत न जाणारी लाट ऐकू यायची. घराच्या मागे खरा समुद्र होता, त्याचं पाणी मागे जातानाचा आवाज मी उठून बसून ऐकायची.

आमच्याकडे सगळं आटोपलं की शेवटच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीच्या मासळीचं पान वाढतात आणि कावळ्यासाठी बाहेर ठेवतात. सुलभाने पापलेट साफ केलं. तीन चिरा मारल्या आणि सुरी खाली ठेवली. बारा वर्षांत पहिल्यांदा. मग केळीचं पान आणायला परसात गेली.

मी त्या माशाकडे बघत उभी होते. मग मी सुरी उचलली.

मसाला लावायचं काम आईचं. डोळे गेले तरी ते ती कोणाला देत नाही. ती पाटावर बसली, मासा पुढ्यात घेतला आणि बोटं चिरांमध्ये घालत घालत शेपटीकडे गेली. तिथे थांबली.

"ही कोणी मारल्यान?"

सुलभा पान घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "मी नाय."

"मी," मी म्हटलं.

"कित्याक?"

मला आईकडे बघवेना. मी सुलभाकडे बघून सांगितलं, "मी बगलेलंय. त्या दिवशी पुण्याक. शेपटेकडे. तुज्यासारकाच बगलेलंय. मी तुका खोटा सांगलंय."

मी कारवारच्या वेळी तिला जे बोलले होते, त्यातलं एक अक्षर तिने मला परत केलं नाही. तिने आईच्या हातातून मासा घेतला, तळला, भात वाढला, कढी वाढली, पान भरलं. बाहेर कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी चुलतभाऊ कावळ्यांची वाट बघत उभा होता. ती पान घेऊन बाहेर आली, त्याच्यासमोरून वळली आणि पुन्हा घरात गेली. माजघरात दाराकडे तोंड करून विजू जिथे बसायचा तिथे तिने पाट मांडला आणि त्याच्यापुढे पान ठेवलं.

"वैनी, भायर ठेवचा असता ता," चुलतभाऊ म्हणाला.

"तू गप रव," आई आतून म्हणाली. तिचे हात मसाल्याने लाल होते, ते तिने तसेच धरले होते. मग ती मला म्हणाली, "पाणी ठेव तेका."

कसब्यातून आणलेला तांब्या कोनाड्यात होता. तो मी विहिरीच्या पाण्याने भरला आणि पाटाच्या डाव्या हाताला ठेवला. विजू डावखुरा आहे.